हसण्याची किल्ली शेवटच्या शब्दात: नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी विनोदी चित्रपुस्तके

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेसहा वर्षांची असून मराठी माध्यमाच्या पहिलीत शिकते. तिला मुळाक्षरे येतात, काना, वेलांटी, उकार, मात्रा ओळखता येतात आणि सुटे शब्द ती जुळवून वाचते. वाचनाची गोडी लागावी म्हणून आईने तिला विनोदी चित्रपुस्तके आणून दिली. मुलगी चित्रे पाहून खदखदून हसते, भराभर पाने उलटते आणि पुस्तक मिटते. मजकुराकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा पुस्तकांमुळे वाचन मागे पडते का, ती बाजूला ठेवून पाठ्यपुस्तकच वाचून घ्यावे का, आणि द्यायचीच असतील तर ती निवडावीत कशी, असे आईने विचारले आहे.

पुस्तके बाजूला ठेवू नका, हे सर्वांत आधी सांगतो. तुमची मुलगी अत्यंत शहाणपणाने वागते आहे. त्या पुस्तकांमधली गंमत चित्र पाहताक्षणी संपूर्ण हाती लागत असेल, तर खाली छापलेल्या तीन ओळी कष्टाने जुळवून वाचण्याचे तिला कारणच उरत नाही. गेली बावीस वर्षे मी नवशिक्या वाचकांसाठीच्या पुस्तिकांचे संपादन करतो आहे. लेखकाकडून मजकूर घेणे, चित्रकाराबरोबर पानांची आखणी करणे आणि छपाईपूर्वी कच्ची प्रत पहिली-दुसरीच्या वर्गांत मुलांकडून वाचून घेणे हे माझे रोजचे काम आहे. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे: वाचू लागलेल्या मुलाच्या विनोदी पुस्तकात हसण्याची किल्ली अशा शब्दात असली पाहिजे, जो मुलाला स्वतःला वाचता येतो आणि जो वाचल्याशिवाय गंमत पूर्ण होत नाही. चित्राने त्या शब्दापर्यंत मुलाला ओढत न्यावे आणि दार मात्र शब्दाने उघडावे.

आता थोडे तपशिलात जाऊ. दुकानात मुलांची विनोदी पुस्तके म्हणून जी मिळतात, त्यांत दोन अगदी वेगळ्या जातींची पुस्तके एकाच फळीवर ठेवलेली असतात. काही पुस्तके मोठ्यांनी मुलांना वाचून दाखवण्यासाठी असतात. त्यांत लांब वाक्ये, जोडाक्षरे, अनोळखी शब्द असले तरी बिघडत नाही, कारण वाचणारा मोठा माणूस असतो आणि मूल ऐकत असते. काही पुस्तके मुलाने स्वतः वाचावीत म्हणून रचलेली असतात, आणि तिथे एकेक अक्षर मोजावे लागते. मुखपृष्ठावर ‘वय ४ ते ७’ असे छापले की हा फरक झाकला जातो. तुम्ही आणलेली पुस्तके बहुधा पहिल्या जातीची असावीत. ती रात्री तुम्ही तिला वाचून दाखवा. त्यांचे काम तेच आहे आणि ते फार मोलाचे आहे, कारण पुस्तकी वाक्याचा कानाला झालेला सराव पुढे डोळ्यांच्या कामी येतो. तिच्या स्वतःच्या वाचनासाठी मात्र दुसऱ्या जातीची पुस्तके शोधा.

नवशिक्या वाचकावर किती ओझे असते, हे आपण मोठी माणसे विसरून गेलेलो असतो. मूल ‘बदक’ हा शब्द ब, द, क असा सुटा वाचते. तोंडातून निघते ब-द-क, प्रत्येक अक्षर पूर्ण. बोलताना मात्र आपण शेवटचा ‘क’ अर्धवट सोडतो. सुट्या अक्षरांवरून बोलण्यातल्या ‘बदक’ या शब्दावर उडी मारण्याचा क्षण हाच खऱ्या अर्थाने वाचनाचा क्षण असतो, आणि तो शब्द मुलाच्या रोजच्या बोलण्यात असेल तरच ती उडी साधते. वेलांटीची अडचण याहून बारीक आहे. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते आणि उच्चारात ‘क’च्या नंतर येते, त्यामुळे मूल क्षणभर अडखळते आणि तेवढ्यात वाक्याची सुरुवात विसरते. पाच-सहा शब्दांचे वाक्य संपेपर्यंत पहिला शब्द डोक्यातून निसटलेला असणे या टप्प्यावर अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच ज्या विनोदाची पूर्वतयारी पहिल्या पानावर असते आणि ज्याचा उलगडा सहाव्या पानावर होतो, तो विनोद या मुलांपर्यंत पोहोचत नाही. तयारी आणि उलगडा यांत एका पानाचे अंतर पुरेसे असते.

पालकांची आणि काही लेखकांचीही अशी समजूत असते की इतक्या थोड्या अक्षरांत विनोद करताच येत नाही. ‘छगन, कमळ बघ’ या धर्तीची बिनकाना-मात्रेची वाक्ये महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना तोंडपाठ आहेत, आणि ती इतकी कोरडी का वाटतात याचे कारण मराठीच्या व्याकरणात आहे. काना, मात्रा, वेलांटी काहीच वापरायचे नाही असे ठरवले, की ‘आला’, ‘गेली’, ‘पडले’ ही भूतकाळाची रूपे हातातून जातात, ‘येतो’, ‘बसते’ हीही जातात आणि उरतात ती जवळजवळ सगळी आज्ञार्थाची रूपे: बघ, कर, चल, बस, सरक. त्यामुळे या टप्प्यावरच्या पाठांत काही घडतच नाही. कोणीतरी कोणाला तरी सतत हुकूम सोडत असते. मला ही अडचण नेहमीच संधी वाटत आली आहे. सहा वर्षांच्या मुलाला दिवसभर हुकूमच ऐकावे लागतात, आणि हुकूम सोडणाऱ्याची फजिती होणे यापेक्षा त्याला अधिक गमतीचे काही नसते.

एक उदाहरण देतो. आमच्या एका कच्च्या पुस्तिकेत तळ्यातल्या ओंडक्यावर ऊन खात बसायला जागा शोधणारा एक बेडूक आहे. ओंडक्यावर बदक बसले आहे. बेडूक कमरेवर हात ठेवून बोलतो, “बदक, सरक.” बदक सरकते. पान उलटले की बदकाच्या पलीकडे हिरवट, खडबडीत असे काहीतरी दिसते. बेडूक त्याच ताठ्यात बोलतो, “मगर, सरक.” पुढच्या पानावर एकही शब्द नाही, मगरीने नुसता एक डोळा उघडला आहे. त्यापुढच्या पानावर बेडूक ओंडक्याच्या अगदी टोकाला जाऊन उभा आहे आणि बोलतो, “बस, मगर, बस.” सगळी पुस्तिका बदक, मगर, सरक आणि बस या चार शब्दांत आणि ब, द, क, म, ग, र, स या सात अक्षरांत संपते. ‘सरक’च्या जागी ‘बस’ आले आहे हे ज्या मुलाने वाचले, तेच हसते. चित्रात बेडूक घाबरलेला दिसतो हे खरे, पण त्याने शब्द कसा फिरवला हे चित्रातून कळत नाही. वर्गात मी पाहिले आहे की मुले शेवटच्या पानावर थबकतात, ओठ हलवतात, परत मागच्या पानावर जाऊन ‘सरक’ तपासतात आणि मग एकदम हसतात. मुले पाने मागे उलटून एखादा शब्द तपासू लागली, की ती वाचू लागली असे मी समजतो.

इंग्रजीत या प्रकारच्या पुस्तकांचा मोठा इतिहास आहे आणि त्याचा दाखला आपल्याकडे वारंवार दिला जातो, म्हणून त्याविषयी दोन शब्द लिहितो. अमेरिकेत १९५४ साली ‘लाइफ’ या नियतकालिकात लेखक-पत्रकार जॉन हर्सी यांनी शाळांतील वाचनाच्या पुस्तकांच्या रटाळपणावर टीका केली, आणि त्या चर्चेच्या पार्श्वभूमीवर बालपुस्तकांचे लेखक-चित्रकार डॉ. सूस यांनी १९५७ साली ‘द कॅट इन द हॅट’ हे पुस्तक केवळ २३६ वेगवेगळ्या शब्दांत रचले. पुढे १९६० साली त्यांनी प्रकाशकाशी पैज लावून एक संपूर्ण पुस्तक फक्त ५० वेगवेगळ्या शब्दांत लिहिले. मर्यादा पाळूनही भन्नाट विनोद करता येतो, हे त्या पुस्तकांनी सिद्ध केले. मात्र ती मर्यादा जशीच्या तशी मराठीत आणता येत नाही, आणि आपल्याकडचे कित्येक प्रयत्न इथेच फसतात. इंग्रजीत शब्दाचे स्पेलिंग उच्चाराशी नेहमी जुळत नाही, त्यामुळे मुलाला पुष्कळ शब्द अख्खे ओळखावे लागतात आणि शब्दसंख्या मोजण्याला तिथे अर्थ आहे. मराठीत मूल अक्षरे आणि स्वरचिन्हे जुळवून वाचते, आणि शब्द तर वाक्यात गेला की रूप पालटतो. ‘घोडा’ हा शब्द अगदी सोपा आहे. पण त्यावर कोणी बसले की ‘घोड्यावर’ होते आणि पहिलीतल्या मुलासमोर जोडाक्षर येऊन उभे राहते. ‘बेडूक’ला प्रत्यय लागला की ‘बेडकाला’ होते आणि मुलाने नुकताच ओळखलेला उकार नाहीसा होतो. ‘ससा’चे ‘सशाला’ होते, म्हणजे अक्षरच बदलते. म्हणून मी लेखकांना सांगतो की पात्र निवडताना आधी त्याचे सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना होणारे रूप, लिहून पाहा. माकड, बदक, वाघ, कोंबडी ही पात्रे प्रत्यय लागल्यावरही आपला चेहरा राखतात. माकडाला, बदकाला, वाघाला, कोंबडीला. नवशिक्या वाचकाच्या पुस्तकात घोड्याऐवजी माकड येते, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

असाच दुसरा खडा म्हणजे ‘म्हणाला’. गोष्टीत तो पानोपानी येतो आणि त्याची सुरुवातच जोडाक्षराने होते. यावर आम्ही चित्रकथेतले बोलण्याचे फुगे वापरतो. फुग्याचे शेपूट बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळलेले असले की ‘म्हणाला’ लिहावेच लागत नाही, आणि फुग्यातल्या दोन-तीन शब्दांची मुलांना धास्तीही वाटत नाही. फक्त एका पानावर दोनपेक्षा जास्त फुगे असू नयेत, आणि आधी वाचायचा फुगा डावीकडे व वर असावा.

मुलगी काना-मात्रा ओळखते असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा तिच्यासाठी बेडकाच्या पुढचा टप्पा योग्य ठरेल. या टप्प्यावर मराठी लिपी स्वतःच विनोदाचा खजिना उघडते, कारण एका स्वरचिन्हाने शब्दाचे भलतेच काही होऊन बसते. आम्ही एक पुस्तिका केली होती, तिची घडण सविस्तर सांगतो, कारण तिच्यात आम्ही एक चूक केली आणि मुलांनी ती दुरुस्त करून दिली. आजी कागदावर लिहून नातवाकडून वस्तू मागवते. पहिल्या पानावर मजकूर आहे: ‘आजीने लिहिले, पळी आण.’ पान उलटले की, ‘राजू पोळी घेऊन आला.’ मग, ‘आजीने लिहिले, पान आण.’ पान उलटले की राजूच्या हातात नळ दुरुस्त करायचा भला मोठा लोखंडी पाना, आणि खाली, ‘राजू पाना घेऊन आला.’ शेवटी, ‘आजीने लिहिले, माळ आण.’ यानंतरच्या पानावर मजकूर नाही. राजू खुरपे घेतलेल्या एका माणसाला हाताला धरून ओढत आणतो आहे. तिथे मूल स्वतःच ओरडते, “माळी!” हा शेवटचा शब्द पुस्तकात कुठेही छापलेला नाही, तो मुलाने मनात तयार केलेला असतो, आणि ‘माळ’ नीट वाचल्याशिवाय तो तयार होत नाही.

पहिली कच्ची प्रत घेऊन एका गावातल्या शाळेत गेलो, तेव्हा बहुतेक मुले हसली, पण मागच्या रांगेतल्या एका मुलाने शांतपणे विचारले, “राजूला वाचता येत नाही म्हणून हसायचं का?” तो स्वतः वर्गात अडखळत वाचत असे. त्या प्रश्नाने मी खरोखर खजील झालो. वाचायला शिकणाऱ्या मुलाच्या पुस्तकात वाचता न येण्याची थट्टा आम्ही केली होती आणि ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. परत येऊन आम्ही मजकुराचा एक शब्दही न बदलता फक्त चित्रे बदलली. आजीच्या दौतीजवळ एक मांजर बसवले, त्याची शेपटी शाईत बुडवली, आणि आजीची पाठ वळली की ती शेपटी कागदावरून फिरते असे दाखवले. आता ‘पळी’ची ‘पोळी’ शेपटीच्या फटकाऱ्याने होते, ‘पान’पुढे काना शेपटीने ओढला जातो. राजूने कागदावर जे होते तेच अचूक वाचलेले असते. मजकुरात मांजराचा उल्लेख एकदाही नाही. पहिल्या वाचनात मुलांना ते सहसा दिसत नाही. दुसऱ्या वाचनात कोणीतरी शेपटी पाहते आणि मग सगळा वर्ग पहिल्या पानापासून पुन्हा वाचतो. मजकूर आणि चित्र यांनी गोष्ट वाटून घ्यावी, असे मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात हे मांजर असते. चित्राने मजकुराचीच पुनरुक्ती केली, तर मूल त्यातले स्वस्त ते निवडते, आणि स्वस्त नेहमी चित्रच असते.

छपाईकडे पालकांचे लक्ष क्वचित जाते, पण या वयात तिचा थेट परिणाम वाचनावर होतो. अक्षर ठसठशीत, शब्दांमधले अंतर मोकळे आणि मजकुरामागचा रंग सपाट असावा. विनोदी पुस्तक म्हणून नाचरी, वाकडीतिकडी, उड्या मारणारी अक्षरे वापरण्याची हौस अनेक ठिकाणी दिसते. ज्याची अक्षरओळख अजून कच्ची आहे, त्याला त्यातला ‘घ’ आणि ‘ध’ वेगळा करता येत नाही. संगणकावरचे बरेच टंक (फॉन्ट) ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. शाळेत फळ्यावर मराठी वळणाचा ‘ल’ शिकलेले मूल तिथे अडते, आणि ते का अडले हे मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. अनुस्वाराची गोष्ट तर मी कधी विसरणार नाही. पावसाच्या एका पानावर चित्रकाराने मजकुरातूनही थेंब सोडले होते, आणि ‘बाबा माडीवर बसले’ हे वाक्य तीन मुलांनी लागोपाठ ‘बाबा मांडीवर बसले’ असे वाचले. नेमका एक थेंब ‘मा’च्या डोक्यावर पडला होता. मुलांनी जे छापले होते ते चोख वाचले होते. आणखी एक गोष्ट पाहा: वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्या पानावर संपत असेल, तर ते पुस्तक स्वतः वाचणाऱ्यासाठी केलेले नाही.

कोणत्या गोष्टींवर या वयाची मुले हसतात, याचा अंदाज तुम्हाला असेलच. उलटापालट झालेले जग, प्रमाणाबाहेर मोठे किंवा लहान काहीतरी, पुन्हा पुन्हा घडणारी आणि शेवटच्या वेळी वेगळे वळण घेणारी घटना, आणि वाचकाला ठाऊक असलेले पात्राला ठाऊक नसणे, हे त्यांना हमखास आवडते. टोमणा आणि उपरोध त्यांना कळत नाही. शब्दाला दोन अर्थ असण्यावर उभा राहणारा विनोदही बहुतेकांना थोडा उशिराच उमगतो. लठ्ठपणा, रंग, बोबडेपणा, गावाकडची बोली यांवर हसवणारे पुस्तक मात्र घरात आणू नका. घरी ‘पानी’ आणि ‘व्हतं’ बोलणारे मूल पुस्तकात ‘पाणी’ आणि ‘होतं’ वाचायला शिकतच असते. त्या प्रवासात त्याच्या घरच्या बोलीची चेष्टा झाली, तर ते पुस्तकच परके होते. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांची अडचण निराळी असते. त्यांना अक्षरे जुळवता येतात, पण ‘पळी’ म्हणजे काय हेच ठाऊक नसते. त्यांच्यासाठी वस्तूची ओळख चित्राने आधीच्या पानावर करून द्यावी लागते, नाहीतर गंमत समजावून सांगण्यात मरते.

आता घरी हे वाचन कसे करावे, याविषयी. चित्र हाताने झाकून “आधी वाच, मग दाखवते” असे कृपया करू नका. त्याने चित्र बक्षीस बनते आणि वाचन शिक्षा बनते. तिला पुस्तक आधी मनसोक्त पाहू द्या. नंतर तुम्ही वाचायला घ्या आणि एखादा शब्द मुद्दाम चुकीचा वाचा. ‘राजू पोळी घेऊन आला’ या ठिकाणी ‘राजू होळी घेऊन आला’ असे गंभीर चेहऱ्याने वाचा. ती तुम्हाला अडवेल, बोट ‘पो’वर ठेवेल आणि वाचून दाखवेल, कारण आईची चूक पकडण्यासारखा दुसरा आनंद नाही. या एका युक्तीने मजकुराकडे न पाहणारी मुले मजकुरात डोळे घालून बसलेली मी पाहिली आहेत. कोणत्याही पुस्तकात गमतीच्या शब्दाच्या आधी थांबा आणि तो शब्द तिला वाचू द्या. ती अडखळली तर मनात पाच अंक मोजा. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या अंकाला शब्द येतो. तरीही आला नाही, तर सरळ सांगून पुढे जा. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलीस’ हा प्रश्न टाळा. विनोदी गोष्टीला तात्पर्य विचारले की पुढच्या वेळी मूल हसण्याआधी विचार करू लागते.

तेच तेच पुस्तक ती पुन्हा मागेल, त्याची काळजी करू नका. पाठ झाले असेल असे तुम्हाला वाटेल आणि काही अंशी ते खरेही असेल. पण पाठ असलेले वाक्य आणि डोळ्यांसमोरचे वाक्य यांची सांगड घालण्यातूनच वाचनाला वेग येतो. त्यातही एक गोष्ट आवर्जून घडवून आणा. तिला ते पुस्तक दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवू द्या. धाकटे भावंड, आजोबा, शेजारची मैत्रीण, कोणीही चालेल. स्वतः हसण्यापेक्षा दुसऱ्याला हसवता येणे ही मुलांना फार मोठी सत्ता वाटते. शेवटच्या शब्दाआधी अडखळले तर ऐकणारा हसत नाही, हे तिला आपोआप कळते, आणि त्यासाठी ती कोणी न सांगता दोनदा सराव करून येते. आपण ‘ओघवते वाचन’ असे जे म्हणतो, त्यासाठी याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

पुस्तके कुठे मिळतील, याचे उत्तर थोडक्यात देतो. २००४ साली सुरू झालेली प्रथम बुक्स ही संस्था मराठीसह अनेक भारतीय भाषांत चार वाचनपातळ्यांची पुस्तके काढते, आणि २०१५ पासून तिच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर ती विनामूल्य वाचता व छापून घेता येतात. तिथे पहिल्या पातळीपासून सुरुवात करा. मात्र यातली पुष्कळ पुस्तके इतर भाषांतून मराठीत आलेली असल्यामुळे, मूळ भाषेत सोपे असलेले वाक्य मराठीत जोडाक्षरांनी भरलेले असू शकते, तेव्हा पातळीच्या आकड्याबरोबर मजकूरही डोळ्यांखालून घाला. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके जरूर पाहा, विशेषतः माधुरी पुरंदरे यांची. त्या स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात, त्यामुळे शब्दाने किती सांगायचे आणि चित्राने किती, याची त्यांची जाण विलक्षण आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतही स्वस्तात चांगली चित्रपुस्तके मिळतात, पण त्यांतली बरीच वाचून दाखवण्याची आहेत. दुकानात पुस्तक हाती आले की मधलेच एखादे पान उघडून तिला वाचायला सांगा. एका पानावर चार-पाच शब्दांवर ती अडली, तर ते पुस्तक सध्या तुमच्या वाचण्याचे आहे. एखाद-दोन शब्दांवरच अडली आणि पुढचे पान तिने स्वतःहून उलटले, तर ते तिचे आहे.

योग्य पुस्तक मिळेपर्यंत थांबायचीही गरज नाही. एक कोरा कागद दोनदा दुमडा, घडीच्या कडेला सुईदोऱ्याने दोन टाके घाला, वरची जोडलेली कडा कापा. आठ पानांची पुस्तिका तयार होते. पानावर एकच वाक्य, तिला येणाऱ्या अक्षरांत, ठळक काळ्या शाईने लिहा आणि चित्रे तिला काढू द्या. गोष्ट तुमच्या घरातलीच घ्या. बाबांचा चष्मा हरवला आहे: ‘बाबा, खाटेखाली बघ’, ‘बाबा, माठात बघ’, ‘बाबा, कपाटात बघ’. पुस्तकभर चष्मा बाबांच्या डोक्यावर आहे आणि हे फक्त चित्रात आहे. ‘चष्मा’ हा शब्द जोडाक्षराचा, म्हणून तो लिहायचाच नाही. तो चित्रावर सोडायचा. शेवटचे पान तुम्ही कोरे ठेवा आणि तिथे काय लिहायचे ते तिलाच ठरवू द्या.